सतराव्या नमुन्याचा जादा पट्टा

प्रयोगशाळेतील काचेची भांडी उकळली की निर्जंतुक होतात. तेथील किस्से मात्र कितीही उकळा, वाढतच जातात! कामशेतजवळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात मी परिचर होतो. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढील शिक्षण डॉक्टर सबनीसांच्या कपाटातील पुस्तकांनी केले, बहुतेक त्यांच्या परवानगीने.

डॉक्टर रुग्णांच्या जिभेवरील पांढऱ्या थरातून यीस्ट वाढवीत. मग त्यातील प्रथिने काढून, वीज सोडून जेलमध्ये, म्हणजे लिबलिबीत पारदर्शक थरात, पसरवीत. प्रत्येक जातीचे निळे पट्टे निराळे उमटत. त्यांवरून जात ओळखायची. हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. विश्वस्तांच्या सेक्रेटरींनी बजावले होते, "दिवाळीपर्यंत प्रबंध मान्य झाला तर ठीक. नाहीतर ही खोली रिकामी करा, मला येथे तांदळाची पोती ठेवायची आहेत!"

*

सतरावा नमुना तिकोणा पेठेच्या चंद्रामावशींचा. आठवड्याने त्या चौकशीस आल्या. डॉक्टरांनी यीस्ट वाढविलेली काचेची बशी कौतुकाने दाखविली. साऱ्या बशीभर एकच साय पसरली होती.

मावशींनी भाताची रोपे पाहावीत तशी ती न्याहाळली. "लय दाट पेरलंय, डाक्टर. सुटं कसं व्हईल?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी विरळ पेरले. तिसऱ्या दिवशी ठिपके सुटे! प्रबंधाच्या आभारप्रदर्शनात मावशींचे नाव नाही, हे मी तेव्हाही डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले होते.

*

आमच्या पट्ट्यांची पाहणी करण्यास एकदा सेक्रेटरी स्वतः आले. जेल उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"एवढ्यासाठी वीज जाळता? माझ्या गादीच्या खोळीवर याहून सरळ पट्टे आहेत!"

*

श्रावणात जेल चालू असतानाच वीज गेली. डॉक्टर छत्री न घेताच धावत वीज कचेरीत पोहोचले. "अहो, माझी प्रथिने अर्ध्या वाटेत अडकली आहेत!"

वायरमनने बिडी विझविली. "मंग त्यास्नी म्हनावं, फुडं चालत जावा. लाईन काय आज येत न्हाई!"

*

आणि सतराव्या नमुन्यात एक जादा पट्टा उमटला! ही जात आपल्या भागात कोणीच नोंदविलेली नव्हती. प्रबंध तरला, खोली वाचली, असे आम्ही धरून चाललो. सेक्रेटरींनी तर मावशींच्या सत्कारासाठी शालही आणविली.

पुण्याहून परीक्षक आले. त्यांनी मावशींचा नमुना नव्याने घेतला आणि डॉक्टरांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनेच काम करण्यास सांगितले. त्या काळी द्रव पिपेटमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक नळीत, तोंडाने ओढीत. थुंकी आत जाऊ नये म्हणून पिपेटच्या टोकाशी कापूस असे. ओढण्यास जड जाते म्हणून डॉक्टर तो कापूस काढून टाकीत.

परीक्षकांनी ते पाहिले. पिपेटला कापूस लावून मावशींच्या नमुन्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करविले. आणखी एक नमुनाही घेतला, दोन्हींवर नुसते आकडे घातले, आणि कोणता कोणाचा हे फक्त मलाच लिहून ठेवण्यास सांगितले.

चार दिवसांनी नवे जेल रंगले. मावशींचे यीस्ट अगदी सर्वसाधारण निघाले. जादा पट्टा होता तो दुसऱ्या नमुन्यात. माझी चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी ती उलटून पुन्हा वाचली.

"जात अस्सल आहे," परीक्षक म्हणाले, "पत्ता तेवढा दुरुस्त करा. मग मी सही करतो."

इतक्यात शाल आणि नारळ घेऊन सेक्रेटरी आत आले. त्यांनी खोलीभर नजर फिरविली.

"कोठे आहे आपला तो दुर्मीळ रुग्ण?"

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला, खिडकीकडे तोंड केले आणि "आ" केला.