साहेबाच्या गाडीवरचं डांबर

लातूर जिल्हा झाला आणि देवी यावी तसा गावाच्या अंगात जिल्हा आला. कालपर्यंत ज्याला तहसील कचेरीत कुणी बस म्हणत नव्हतं, तोही ‘आमचं कलेक्टर ऑफिस’ म्हणून मिशीला पीळ देऊ लागला. पावसाने दडी मारली होती, टँकर दिवसाआड यायचा आणि बायका घागरींसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. पण मंत्री येणार म्हणून रस्त्यांवर डांबर मात्र सढळ हाताने ओतलं जात होतं. नळ कोरडा आणि रस्ता ओला, असा एकूण कारभार.

त्याच ऑफिसात माझा धाकटा भाऊ कारकून म्हणून चिकटला होता. मी नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्याच्या लग्नासाठी सुट्टी काढून आले. आल्या आल्या त्याने मला बातमी दिली, ती नवरीची नव्हे, गाडीची. ‘‘अक्का, साहेबांनी वरातीला सोताची गाडी देली. म्हणले, तू घरचाच हायेस.’’

‘‘घरचा म्हणजे कुठपर्यंत? ओसरीपर्यंत का चुलीपर्यंत?’’ मी विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर. ओसरी आणि चूल यांतलं अंतर आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पण हा नवा बहाद्दर म्हणाला, ‘‘तुझं सदा वाकडंच. सगळेच तसे नसत्यात.’’ आणि दारातली साहेबाची काळी गाडी जपून पुसायला गेला. गाडी खरोखर देखणी होती. उभं राहिलं की आपलं तोंड तीत दिसायचं, म्हणून आमच्याकडचे निम्मे वऱ्हाडी तिथेच उभे राहून भांग पाडत होते.

गाडी चालवणार होते मामा. मामा यष्टीचे ड्रायव्हर. रस्त्यावर चाललेल्या कुठल्याही वस्तूबद्दल, बैलगाडीपासून विमानापर्यंत, शेवटचा शब्द आपला अशी त्यांची समजूत. गाडी सजवायची जबाबदारीही त्यांनीच ओढून घेतली. निळ्या-पांढऱ्या कागदी फुलांना साधी मैद्याची खळ पुरली असती. पण मामा म्हणाले, ‘‘वारं लई हाय. फुलं उडून गेली तर नाक कापलं जाईल.’’ म्हणून त्यांनी खळीत डिंक घातला आणि डिंकात गूळ. बॉनेटवर, टपावर, दारांवर ते खदखदतं रसायन ब्रशने फासलं. मी म्हटलं, ‘‘मामा, वरात काढायचीय का गाडीचे लाडू वळायचेत?’’ त्यावर ते, ‘‘तू शाळंत शिकवायचं ते शाळंत शिकव.’’

लग्न नायगावला, नवरीच्या गावी. जाताना अहमदपूरच्या अलीकडे ताज्या डांबरावरून मामांनी गाडी अशी दामटली, की मागे चाकांतून डांबर उडून दारांच्या खालच्या अंगावर ठिपकेच ठिपके. कामावरचा माणूस लाल फडकं हलवत ओरडत होता. मामांना वाटलं, वरात बघून तो खूश झालाय. त्यांनी हॉर्न वाजवून त्याचा मान राखला.

लग्न छान झालं. वंदना झाली, जेवणं झाली, नवरीला घेऊन आम्ही परतलो. पुढे मामा आणि नवरदेव, मागे नवरी, माय आणि करवली म्हणून मी. नवरी गुडघे जुळवून, सीटला पाठ न टेकवता बसलेली. एवढ्या मऊ सीटवर ती जन्मात पहिल्यांदा बसत होती, असं ती मला नंतर म्हणाली. खरं म्हणजे मीही.

दुसऱ्या दिवशी फुलं काढली आणि भावाच्या पायाखालची जमीन सरकली. उन्हात गूळ-डिंक भाजून पत्र्यावर बसला होता. खालून डांबर, वरून खळ, मधे काळ्या मातीची धूळ, आणि गुळाच्या वासाने आलेली मुंग्यांची दुसरी वरात. भाऊ मुंग्या फुंकून उडवू लागला. ‘‘अक्का, एक जरी ओरखडा निघाला तर साहेबांना काय तोंड दाखवू? आपल्या लोकांच्या हाती वस्तू देली की अशीच येती, असं म्हणतील.’’

त्याची भीती ती होती. गाडीची नव्हे. एक वस्तू आपल्या घरी यावी आणि जशी आली तशीच धडधाकट परत जावी, एवढंच त्याला दाखवून द्यायचं होतं. मला त्याची कीवही आली आणि रागही. ज्याला आपली परीक्षा घ्यायचा काही हक्क नाही, त्याच्यापुढे हा स्लेट घेऊन उभा.

तोवर गल्लीतले तज्ज्ञ जमले. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला राख आणि काथ्या, भांडी निघतात तर गाडी का निघणार नाही. एक धुण्याचा सोडा घेऊन आला. मामांनी तर पॉलिश पेपर काढला. ‘‘झिरो नंबर हाय. डेपोत आमी यानंच घासतो.’’

‘‘तुमच्या डेपोतल्या गाड्या बघितल्यात मी,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांना रंग होता असं ऐकून आहे.’’

मग मी पदर खोचला. आधी गाडी कडुनिंबाच्या सावलीत लोटायला लावली. तापल्या पत्र्यावर काहीही लावा, ते क्षणात वाळून दुसरा डाग होतो, एवढं तव्यावर हात चालवणाऱ्या बाईला कळतं. ते सगळे पुरुष होते, त्यांचा इलाज नव्हता. कोरड्या फडक्याने पुसायला मी कुणाला हात लावू दिला नाही, कारण वर बसलेली धूळ म्हणजे बारीक रेतीच. ती रगडली की चकाकीवर जाळं उमटतं. तांब्याने बारीक धार सोडून आधी ती खाली आणली. मग मायच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे तुकडे ओले करून खळीवर नुसते अंथरले आणि सांगितलं, आता कुणी काही करायचं नाही.

काही न करणं आमच्याकडच्या माणसांना जमत नाही. मामा दर थोड्या वेळाने नखाने खरवडायला वाकत आणि मी त्यांचा हात झटकत असे. नवरी हातची मेंदी सांभाळत, फडकी वाळली की पाण्याचा हात फिरवत होती. माय उंबऱ्यात बसून म्हणाली, ‘‘घरातली माणसं पारोशी अन् गाडीला आंघूळ. लई शिकली माझी लेकरं!’’ टोमणा बिनतोड होता. घरातली शेवटची भरलेली घागर गाडीसाठी चालली होती.

गूळ विरघळला, खळ फुगली आणि सालीसारखी अलगद निघून आली. डांबराला पाणी दाद देईना. त्याला करडईचं तेल लावलं, कापसाने, ठिपक्यावर ठिपका. बिब्याचा चीक अंगावर उतला की माय तेलच लावायची, तेल चिकटाशी भांडत नाही, त्याच्यात शिरतं. मुरू दिलं आणि तपकिरी ओघळ सुटले की एका दिशेने टिपत गेले. प्रत्येक वेळी कापूस नवा, नाहीतर एका जागचं डांबर दुसऱ्या जागी नांदायला जातं. शेवटी रिठ्याच्या पाण्याने तेल उतरवलं. संध्याकाळी गाडीत पुन्हा तोंड दिसू लागलं. भावाने सगळ्या बाजूंनी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. ओरखडा नव्हता. तो लहानपणी हसायचा तसा हसला आणि मलाही, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

लगेच मामा, भाऊ आणि मी गाडी पोचवायला गेलो. साहेब फाटकापर्यंत आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘‘वा रे वा! नेलीस त्याहून चकचकीत आणलीस.’’ भावाची छाती अशी फुगली, की मला वाटलं सदऱ्याची गुंडी तुटते. चहा काही कुणी विचारला नाही. तेही त्याच्या लक्षात आलं नाही, इतका तो आनंदात होता.

कोपऱ्यापर्यंत आल्यावर मामांना आठवलं, चष्मा गाडीतच राहिला. ‘‘तुमी थांबा,’’ म्हणून भाऊ उलट फिरला. मीही त्याच्याबरोबर गेले.

फाटक उघडंच होतं. गाडीची चारही दारं सताड उघडी आणि शिपाई आत बादलीवर बादली ओतत होता. सीटा धूत होता. बाहेरच्या पत्र्याकडे त्याने बघितलंही नव्हतं. व्हरांड्यातून साहेबांच्या बाई सांगत होत्या, ‘‘मागची नीट धू, आधी मागची. त्या सगळ्या मागेच बसल्या असतील.’’ सीटांवरून उतरलेलं पाणी फाटकाखालून रस्त्यावर आलं होतं आणि आमच्या चपला त्यात भिजत होत्या. आमच्या गल्लीत उद्या टँकरची पाळी होती.

माझ्या अंगाची आग झाली. जिभेवर इतकं आलं होतं, की त्या बाईने जन्मभर ते धूत बसावं. मी पाऊल टाकलं तसं भावाने माझं मनगट धरलं. एवढं घट्ट त्याने मला कधी धरलं नव्हतं. शिपायाने आम्हाला बघितलं, मान खाली घातली आणि चष्मा आणून दिला. बाई आत निघून गेल्या. साहेब कुठे दिसले नाहीत. अशा वेळी साहेब कुठेच नसतात.

वाटेत भाऊ एवढंच बोलला, ‘‘घरी तिला सांगू नको.’’

घरी नवरी दारातच उभी होती. दिवसभर ओली फडकी हाताळून तिची बोटं सुरकुतली होती. ‘‘काय म्हणले साहेब?’’ तिने विचारलं.

‘‘लई खूश झाले. म्हणले, नेली त्याहून चकचकीत आणली.’’

ती अशी खुलली, की मला तिच्याकडे बघवेना. ‘‘मंग पाचपरतावनाला माहेरी जाताना बी तीच मागा की. माझ्या मैतरणींनी नीट बघितलीच न्हाई.’’

भाऊ चपला काढायला वाकला होता. त्या ओल्या होत्या, पट्टा सुटत नव्हता.

‘‘न्हाई,’’ तो वर न बघता म्हणाला. ‘‘यष्टीनं जाऊ आपुन.’’