धुरासाठी पाणी

टायर जाळून धूर काढायचा असेल तर आधी तो भिजवावा लागतो, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी टायर म्हणजे जपायची वस्तू, एवढंच माहीत होतं. आमचे हे महाड ते पाचाड जीपगाडी चालवायचे. गडावर जाणारे पर्यटक, नाते गावच्या भाजीवाल्या, कॉलेजची पोरं, ज्यानं हात केला त्याच्यासाठी गाडी थांबायची. वीस-बावीस वर्षं तोच रस्ता. टायरच्या बाबतीत इतके चिकट, की खडीवर कधी जोरात ब्रेक मारला नाही. एकेक टायर वरचं रबर नवं चढवून, रिमोल्ड करून करून पार म्हातारा होईपर्यंत वापरला. मी चिडवायचे, "माझ्या टाचांच्या भेगा कधी एवढ्या वाकून बघितल्या नाय तुम्ही."

त्या माणसाची नजर गेली आणि त्यात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जी खटपट केली तिचं कोणाला कौतुक वाटायला नको.

सुरुवातीला हे चालताना दाराच्या चौकटीला खांदा घासायचे. ताटात बाजूला वाढलेलं लोणचं तसंच राहायचं. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं? मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "बाजूचं अंधूक दिसतंय गो." मी लगेच निदान केलं, मोतीबिंदू. माझं माहेर कुडपणचं. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा शिबिरातल्या लोकांनी तिला परत पाठवलं होतं, अजून पिकला नाही म्हणून. पिकल्यावर काढला, आणि पंधरा दिवसांत म्हातारी तांदळातले खडे वेचायला बसली. तेव्हापासून आमच्या भावकीत तो कायदाच झाला. पिकल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही. मी ह्यांना ठासून सांगितलं, "पिकू द्या. कच्चा काढला तर परत येतो." परत येतो हे मला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. पण माझं तोंड असं, की एकदा बोलले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे दोन वर्षं थांबले. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझा शब्द मोडला नाही. तेवढा एक मोडायला हवा होता.

नाते गावाजवळच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासली तेव्हा कोणाला लागलं नाही, पण मागचे पाशिंजर खाली उतरले ते परत चढलेच नाहीत. मग महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, हा काचबिंदू आहे. यात पिकायचं काही नसतं. बाजूनं नजर खात खात आत येते, आणि गेलेली परत येत नाही. आधी आला असतात तर होती ती तरी टिकवता आली असती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातही हेच ऐकलं. थेंब दिले. तिथल्या पायऱ्या मी हाताला धरून उतरवत होते तेव्हा हे म्हणाले, "तुला तरी कुठं ठावं होतं?" त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं जेवले असते.

गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली. दिवाळीला धाकटे दीर मुंबईहून आले आणि म्हणाले, "वहिनी, भंगारात देऊन टाक. खाली-पिली जागा अडलीय." दीर मग मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ लावून बसले. त्यातला एक ह्यांनी मागून घेतला आणि मोबाइल नाकापाशी धरला. तोपर्यंत ह्यांना नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, पण समोर धरलेलं स्वच्छ दिसायचं. परदेशातली कुठली तरी गाडी. पुढची चाकं दाबून धरलेली, मागची गरगर फिरतायत, आणि टायरमधून पांढराशुभ्र धूर निघतोय, एवढा की शेवटी गाडीच दिसेनाशी होते. दीर म्हणाले, "याला बर्नआउट म्हणतात दादा. पैशेवाल्यांची मस्ती."

हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणाले, "आरं, पण गाडी जागची हालतच नाय."

"नायच हालत."

"मंग ती मी पण चालवीन."

मला तेव्हा राग आला होता. दीर गेल्यावर मी म्हटलं, "वीस वर्षं जीवापाड जपलेले टायर जाळणार? लोक तोंडात शेण घालतील." तर म्हणाले, "आता कोणासाठी जपू?" मग अंगठा आणि बोट जुळवून डोळ्यापुढं धरलं, करवंदाएवढं भोक केलं. "एवढं राह्यलंय गो. ते बुजायच्या आत एकदा बघून घेतो. माझ्या गाडीचा, माझ्या हातानं काढलेला." मी करून द्यायचं ठरवलं. जे घालवलं ते माझ्याच्यानं परत येणार नव्हतं. धूर तरी दाखवावा.

तर पाणी. आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या अंगात कोरड्या सिमेंटवर चाक जागच्या जागी फिरवण्याची ताकद नाही. टायर ओला केला तर तो घसरतो, घसरला की फिरायला लागतो. मग पाणी बंद करायचं, टायर फिरता फिरता सुकतो, तापतो आणि धूर देतो. हे सगळं ह्यांनी मला ओटीवर बसून समजावलं. डोळे गेले तरी गाडीची अक्कल शाबूत होती. आणि फवारणीची अक्कल मला होती. भातावर औषध मारायचा बॅटरीचा पंप घरात होताच. पाठीवर घेऊन एकरभर फवारते मी. कुठल्या नोझलमधून पंख्यासारखी धार येते आणि कुठल्यातून धुकं, ते मला कोणी शिकवायला नको.

पंपाची फवारायची दांडी काढून टाकली. महाडच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणला, त्याचे दोन फाटे करायला मध्ये बसवायचा जोड आणला. दुकानदारानं विचारलं, ठिबक बसवताय का? मी म्हटलं, हो, टायरचं पीक घेतलंय. तो हसला, मीही हसले. मागच्या दोन्ही चाकांवर, मडगार्डच्या आत, एकेक नोझल बाइंडिंग तारेनं आवळलं. मी गाडीखाली उताणी, हे बाहेर उकिडवे बसलेले, आणि सवाल-जवाब चाललेले. "हाताला काय लागतंय?" "एक पट्टी लागतेय." "तिच्या मागं बघ, गोल नट हाय. त्याला बांध." त्यांनी न बघता सांगायचं आणि मी बघून करायचं. पंपाचं बटण वायर लांबवून स्टिअरिंगजवळ आणलं, म्हणजे पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं ते त्यांच्या हातात. मला सांगायला लाज वाटते, पण ते दिवस बरे गेले. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम असेल. भात मी लावायचे, गाडी ते चालवायचे.

पुढचा बंपर आंब्याच्या खोडाला टेकवला, मध्ये एक जुना टायर घातला. मागची चाकं सिमेंटच्या खळ्यावर. चुलतसासूबाई हंडा घेऊन बोअरवर निघाल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "आमी दोन हंड्यांसाठी रांग लावतो, नि हिचा जीपगाडीला अभिषेक चाललाय." मी म्हटलं, "प्रसादाला या." भांडायला मला कधी मुहूर्त लागत नाही.

पहिल्या दिवशी चाक फिरलं. इंजिन रेड्यासारखं ओरडलं, पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि धूर काडीचा नाही. हे ओरडले, "पाणी तोडलंय मी!" तोडलं होतं खरं, पण येतच होतं. पाण्यानं भरलेला पंपाचा कॅन मी वर टपावर बांधला होता. पंप बंद झाला तरी उतारानं पाणी आपलं खाली वाहतच राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. टायर तापायला लागला की थेंब थेंब पडून परत गार. ह्यांचा घसा बसला ओरडून. चूक कुठं आहे ते मला शेतात कळलं. शेजारणीनं तिचा पंप पाठीवरून उतरवून बांधावर ठेवला, नळी खालच्या वाफ्यात पडली होती, आणि बंद पंपातून औषध गळत होतं. कॅन वर नको, खाली पाहिजे. एवढी साधी गोष्ट.

घरी येऊन सांगितलं तेव्हा हे उठूनच उभे राहिले. "चल, आत्ताच खाली घे." मी म्हटलं, "आठ दिवस थांबा."

हो, परत मीच म्हटलं. वाल तयार झाला होता. उन्हानं शेंगा फुटायला लागल्या म्हणजे दाणा रानात सांडतो, मग वेचत बसा. दोन हात माझेच. आणि कॅन गाडीच्या आत बसवायचा तर पाइप सगळा उकलून परत बांधावा लागणार होता. मी म्हटलं, टायर काय पळून चाललाय? हे म्हणाले, "बरं." नेहमीसारखं. आठाचे तेरा दिवस झाले. मी पहाटे उठून रानात जायचे, उन्हं उतरल्यावर भारा घेऊन यायचे, झोडपायचे, जेवून पडायचे. त्या दिवसांत ह्यांनी मोबाइल मागितला नाही. ताट पुढं केलं की आधी बोटांनी चाचपायचे. मी ते बघितलं. बघूनही मला काही सुचलं नाही, कारण मला वालाच्या पोत्यांचं पडलं होतं.

वाल घरात आला आणि मी कॅन खाली घेतला. शिमग्याच्या आधीची गोष्ट. सकाळी दहा-अकराचं कडक ऊन निवडलं, त्यांना त्या उन्हात बरं दिसतं म्हणून. मी हाताला धरून गाडीपर्यंत नेलं, पण आत चढल्यावर त्यांना कोणाची गरज नव्हती. पाय क्लचवर, हात गिअरवर, सगळं आपापल्या जागी. मी मागं डाव्या बाजूला, खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यापाशी उभी राहिले.

पंप घरघरला. डाव्या नोझलमधून धुकं आलं. उजव्यातून आलं नाही. बोअरच्या पाण्यातली कच अडकली असणार. मी थांबा म्हणून ओरडले, पण इंजिनापुढं कोण ऐकतंय? क्लच सुटला. उजवं चाक कोरडं होतं, ते सिमेंट धरून बसलं. डावं गरकन फिरलं. मग पाणी तुटलं. या वेळी खरंच तुटलं, एक थेंब नाही. चाकाचा आवाज बदलला, जळक्या रबराचा वास आला, आणि धूर आला. काय धूर आला! पांढराफेक. खळ्यावर लोळला, माझ्या पायांवरून गेला, आणि वाऱ्यानं तसाच जमिनीलगत डावीकडं, गडग्यावरून खालच्या शेतात उतरला. मी नाचायचीच बाकी होते. मी ओरडत होते, "बघा! अहो, बघा!"

हे दारातून अर्धे बाहेर वाकून बघत होते. उजवीकडं. ज्या चाकाकडं बघत होते ते कोरडं, जागचं न हललेलं होतं. त्याच्याभोवती स्वच्छ ऊन पडलं होतं. आणि हे हात वर करून ओरडले, "दिसला गो! दिसला! कसा ढगावाणी वर चढला बघ, आंब्याच्या शेंड्यापर्यंत!"

आंब्याकडं धुराची रेघसुद्धा गेली नव्हती.

त्यांनी इंजिन बंद केलं. मी तिथंच उभी राहिले. मला कळलं, करवंदाएवढं होतं ते वालाच्या तेरा दिवसांत बुजलं, आणि मला बोल लागू नये म्हणून ह्यांनी ते सांगितलं नाही. हे चाचपत उतरले, माझ्या आवाजाच्या अंदाजानं तोंड केलं आणि म्हणाले, "तुझ्यामुळं बघायला मिळाला." मी धुरानं खोकल्यासारखं केलं.

आता दिवा लावला की मालवला, तेही त्यांना कळत नाही. पंपाचे पाइप मी सोडून टाकले, भाताला पंप लागतोच. गाडी अजून आंब्याखाली आहे. कोणी भेटायला आलं की हे धुराची गोष्ट सांगतात. कसा निघाला, कसा वळला, कसा आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढला. येणारे कौतुकानं ऐकतात. सांगून झालं की मी जिथं असेन तिकडं तोंड करून विचारतात, "व्हय ना गो?"

मी होय म्हणते.