दादाची वर येणारी पेटी

मंगळवारी सकाळी साडेनऊला वहिनीचा फोन आला. "उमा, हे गेले," ती म्हणाली. मी विश्रांतवाडीहून रिक्षाने वारज्याला गेले. दादाला हॉलमध्ये ठेवलं होतं. त्या मंगळवारला आता सात आठवडे झाले.

माझा भाऊ चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. त्याने आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार केला. मी तेवढीच वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले. निवृत्तीनंतर तो रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपली जुनी गाडी उघडून बसे. शेजारचे काका हमखास विचारत, "काय हो, आज चालवणार की नुसतीच उघडणार?" दादा मान वर न करता म्हणे, "चालवायला काय, कुणालाही येतं." गाडीखाली झोपायचं, पाना घ्यायला उठायचं, पुन्हा झोपायचं... पाठ कुरकुरायला लागली तेव्हा त्याने हत्यारांची पेटी स्वतःच बनवली. पत्र्याचे सहा खण, खाली चाकं आणि भंगारातून आणलेली, गाडीचे वायपर फिरवणारी मोटर. एक बटण दाबलं की सगळे खण घरघरत कमरेइतके वर येत, दुसरं दाबलं की जमिनीलगत उतरत. झोपल्या झोपल्या हात पोचेल इतके. त्यासाठी त्याने खांद्यापासून बोटांपर्यंत स्वतःचा हात टेपने मोजला होता. वहिनी म्हणाली, "शिंप्याकडे गेल्यासारखं काय मोजताय?" तर म्हणाला, "शिंपी इंचभर सैल सोडतो. आमच्यात ते चालत नाही."

दोनेक वर्षांपूर्वी बटण घट्ट झालंय असं तो म्हणू लागला. त्याने ते बदललं. महिन्याभराने पुन्हा बदललं. तिसरं बसवलं त्या रविवारी मी तिथे होते. मी सहज अंगठा टेकवला आणि पेटी वर आली. दादाने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायू चालवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात, बरं करणारं औषध नाही. मला वाचण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून मी वाचत बसले. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. क्रम प्रत्येकाचा सारखा नसतो, असंही एका ठिकाणी होतं. ते वाक्य मी धरून ठेवलं. तोवर दादाने बटणाच्या जागी तळहाताने ढकलायची मोठी चकती बसवली होती. ती नीट चालायला लागली तेव्हा उजवं मनगट गेलं. डाव्या हातात अजून थोडी पकड होती. एका दुपारी त्याने मला समोर बसवलं.

"तू वाचलं असशील. पुढे काय जाणार?"

"अरे, प्रत्येकाचं वेगळं असतं."

"ते डॉक्टरही सांगतात. पाय राहतील का, तेवढं सांग. राहणार असतील तर पेडल करतो."

मी म्हणाले, "राहतील."

मग त्याने कारखान्यातल्या एका जुन्या मित्राला बोलावलं. दादा खुर्चीत बसून सांगे, मित्र कानस चालवी. "अरे, अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतंय?" तो वैतागून म्हणे. "तुझं नाही बिघडत," दादा म्हणे. दोन महिने गेले. पेडल फार सुरेख झालं. चार रविवार त्याने ते पायाने चालवलं, डाव्या हाताने प्लग पुसले, एकदा तर काकांना गाडीबद्दल दोन टोमणेही मारले. पाचव्या रविवारी पाय पेडलवर ठेवलेला होता आणि पेटी खालीच होती. मित्राने वायरी तपासायला घेतल्या. दादा म्हणाला, "राहू दे. माझंच माप चुकलं."

मी शेजारी उभी होते.

त्यानंतर तो आठ महिने होता. जीभ जड झाली, मग शब्द थांबले, पण कान शेवटपर्यंत शाबूत होते. मी आठवड्यातून तीनदा जायचे, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. माप तुझं चुकलं नव्हतं, मी तुला चुकीचं सांगितलं, एवढं बोलायचं होतं. वर्तमानपत्राची घडी घालताना दर वेळी वाटायचं, आता सांगू... आणि मी चष्मा डबीत ठेवून उठायचे. खरं सांगितलं असतं तर त्याने काय बसवलं असतं, हेही मला अजून सुचत नाही. मानेने चालणारं काही? डोळ्यांनी?

गाडी वहिनीने विकली. मित्र पेटी घेऊन जायला तयार होता, तिने नको म्हटलं. रविवारी मी वारज्याला जाते. वहिनी घरातून पेटीची बॅटरी चार्ज करून खाली पार्किंगमध्ये आणते, मी ती जोडते आणि पेडल दाबते. खण वर येतात. पुन्हा दाबलं की खाली जातात. त्यातला कुठला पाना कशासाठी, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. पेटी चालू आहे.