ते टायमिंग आप्पांचं होतं

श्री. गुरुपाद हत्तरगी, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आप्पा, यांची माझी पहिली भेट झाली ती एका टीव्ही मालिकेच्या निवडचाचणीला. मी हुपरीहून एस.टी.ने कोल्हापूरला आलो होतो. अंगात भाड्याने आणलेला खाकी पोशाख, तोही दोन मापं मोठा. बाकावर शेजारी गडहिंग्लजचे एक उंच, शिडशिडीत गृहस्थ बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी मान हलवली. "पावणं, हवालदार हाईसा का बँडवाले?" असं त्यांनी विचारलं होतं, हे मला दोन वर्षांनी त्यांच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी मला ते ऐकूच आलं नव्हतं.

आमच्या घरी चांदीचं काम चाले. हातोडीच्या आवाजात वाढलो, त्यात डावा कान विशीतच गेला आणि उजवाही अर्धामुर्धा राहिला. घरात सगळेच ओरडून बोलत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नट व्हायचं तर ही गोष्ट लपवणं भाग होतं आणि लपवण्यात मी पटाईत होतो.

त्या पोलिसांच्या विनोदी मालिकेत आप्पा कडक फौजदार झाले आणि मी त्यांचा गबाळा हवालदार. एक चौकी, दोन माणसं, रोज नवा घोळ. तालमीच्या तिसऱ्या दिवशी आप्पांनी मला पाठीमागून दोनदा हाक मारली. मी आपला चहा ढवळत बसलो. संध्याकाळी त्यांनी मला मेकअपच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि समोर उभं राहून, ओठ नीट दिसतील असं म्हणाले, "दत्ता, तुला ऐकू येत न्हाय न्हवं?"

मी उडवून लावायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं. "मी कुणाला सांगणार न्हाय. उद्यापासनं तू हात टेबलावर ठेव. माझं वाक्य संपलं की मी छडी आपटीन. हाताला कळलं की बोलायचं, त्याच्या आधी न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पैशांनी घेतलेली वेताची छडी घेऊन आले. पुढे साडेतीन वर्षं आम्ही तसंच काम केलं. टेबल नसेल तिथे ते छडी बुटावर मारत आणि मी डोळ्यांनी टिपत असे. नुसता इशारा देऊन ते थांबत नसत. प्रेक्षक कुठे हसतील, किती हसतील, हे त्यांना आधी कळायचं. तेवढा वेळ ते छडी हवेत धरत आणि मग सोडत. माझं वाक्य बरोबर त्या जागी पडायचं आणि घराघरांत लोक खो खो हसायचे.

त्यांच्या वाट्याला काय आलं? ‘छडीमास्तर’ हे नाव. एका समीक्षकाने लिहिलं की या नटाला अभिनय म्हणून फक्त काठी आपटता येते. मला मात्र विनोदाच्या टायमिंगसाठी पुरस्कार मिळाला. व्यासपीठावरून मी आईचे, गावदेवीचे, दिग्दर्शकाचे, अगदी मेकअपवाल्याचेही आभार मानले. आप्पा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. कानाची गोष्ट बाहेर पडली तर पुढची कामं जातील, या भीतीने मी त्यांचं नाव गिळलं.

मालिका संपली. मला चित्रपट मिळाले, आप्पांना काम मिळेना. जिथे जात तिथे लोक छडी आणलीय का विचारत. शेवटी त्यांनी राजारामपुरीत एका शिकवणी वर्गाच्या कचेरीत नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत केली. तरीही मला कानाचं यंत्र घ्यायचं होतं तेव्हा रजा टाकून सोबत आले ते आप्पाच. "आता माझी सुटका झाली बघ," म्हणाले आणि दिवसभर मला मुद्दाम हळू आवाजात शिव्या देऊन यंत्र तपासत राहिले.

वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगा बंगळूरला. कुणाकडे जायचं म्हटलं की, "त्यांची कामं असत्यात," म्हणून टाळतात. त्यांच्या इमारतीत खाली एक दवाखाना आहे. रोज सकाळी आप्पा तिथे जाऊन बाकावर बसतात. तिथे नंबर लिहून घेणाऱ्या नव्या बाईंनी एकदा विचारलं, "आजोबा, नंबर लावलाय का?" तर म्हणाले, "न्हाय हो, मला काय झालेलं न्हाय. माणसं असत्यात म्हणून बसतो." हे मला त्या बाईंनीच सांगितलं. ऐकून मी वर आप्पांकडे गेलो नाही, तसाच घरी आलो. मला धीर झाला नाही.

यंदा त्या मालिकेवरून चित्रपट निघाला. मला त्यात पाहुणा म्हणून दोन मिनिटांचं काम दिलं, आप्पांना कुणी विचारलं नाही. दुपारच्या खेळाला मी त्यांना घेऊन गेलो. पडद्यावरचा तरुण फौजदार दर वाक्याला छडी आपटत होता आणि थिएटर त्याला डोक्यावर घेत होतं. मध्यंतरात मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"पोरगं झ्याक हाय की. खरं, छडी कशाला मारतंय, त्येला ठावं न्हाय."

"मग सांगू या का सगळ्यांना?"

"काय गरज न्हाय. वडा खा."

या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा मी ठरवलं, आता लपवायचं नाही. मला लाज वाटते आणि ती कबूल करायला आप्पांची पंचाहत्तरी यावी लागली, याची जास्त वाटते. लेख त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि छडीची सगळी हकीकत पेन्सिलीने खोडली.

"ह्ये काढ. लोकांनी तुला डोक्यावर घेतलंय, ह्या वयात खाली कशाला उतरतोस?"

"खरं आहे ते, आप्पा."

"गौरव माझा हाय न्हवं? मग मी म्हणतोय तसं लिव्ह. मला एकट्याला ठावं हाय, तेवढं बास हाय."

मी हो म्हणून आलो आणि खोडलेलं सगळं पुन्हा लिहून छापायला दिलं. आजवर त्यांचा शब्द मी मोडला नव्हता. ग्रंथ हातात पडला की आप्पा संतापतील, हे मी ओळखून आहे. आप्पा, तुम्हाला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि पहिलं काम म्हणून उद्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर न बसता माझ्या घरी भांडायला या. मी दिवसभर घरीच आहे.