शंभर दाणे

बाबांनी यंदा घरचंच सोयाबीन पेरायचं ठरवलं होतं. भावाला ते पटत नव्हतं. बाबा विसरून गाईला दोनदा चारा टाकायचे, कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे. तेव्हा बियाणं दुकानातून आणू आणि पुढचा कारभार मीच पाहतो, असं त्याचं म्हणणं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दारव्ह्याजवळच्या माहेरी आले, तेव्हा दोघं जेमतेम बोलत होते. शेवटी ठरलं, उगवण तपासायची. शंभरातले सत्तर दाणे उगवले तर बाबांचं बियाणं, नाहीतर भावाचा कारभार. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तपासणी माझ्याकडे आली. मी थोडी फुशारलेच.

बाबांनी ते बियाणं जसं जपलं, तसं आम्हां भावंडांनाही जपलं नसेल. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. आपटायची तर अजिबात नाहीत, कारण सोयाबीनचं साल पातळ असतं आणि मार लागला की आतला कोंब मरतो.

मी कोठीतलं एक जुनं पोतं कापून ओलं केलं. त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडले, गुंडाळी केली, सुतळीने बांधली आणि न्हाणीजवळ सावलीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं कामही मीच घेतलं.

सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर गुंडाळी उघडली. आत कापसासारखी पांढरी बुरशी, मधूनमधून काळे ठिपके आणि आंबूस वास. कोंब मोजून बारा, तेही कसेबसे आलेले.

भावाने गुंडाळी पुन्हा मिटून बाजूला सारली. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"बियाणं गेलं," बाबा त्याला म्हणाले. "मले समजलंच नाही. आता तूच पाह्य बाप्पा सारं."

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि उगाच भांड्यांवर राग काढला.

दुपारी गुंडाळी उकिरड्यावर टाकताना दिसलं, की एका कडेला तपकिरी डाग होता आणि बुरशी तिथेच सगळ्यांत दाट होती. मी कोठीत जाऊन त्या पोत्याचा उरलेला अर्धा तुकडा पाहिला. त्याच्या शिवणीत गुळाचे खडे चिकटलेले होते आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मी चक्क गुळाचं पोतं घेतलं होतं! बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल, ऊब आणि खायला काही मिळालं की फोफावतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. इथे तर मी तिन्ही गोष्टी त्यांना पाट मांडून वाढल्या होत्या. लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दोघांना बोलावून सगळं सांगून टाकलं.

"पुन्हा कर," भाऊ म्हणाला. बाबा नुसते उठून गोठ्याकडे गेले.

या वेळी आईचं जुनं सुती लुगडं उकळून वाळवलं आणि ओलं करून घट्ट पिळून घेतलं. दाणे बियाण्याच्या त्याच पोत्यातले. पुढचे सहा दिवस बाबा न्हाणीकडे फिरकलेही नाहीत. मला धड झोप लागत नव्हती.

गुंडाळी उघडली तेव्हा कोंब मोजायला भाऊच बसला. मोठ्याने मोजत होता. सत्तराला त्याचा आवाज बारीक झाला, पण तो थांबला नाही. एक्याऐंशी भरले. कपड्यावर बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता.

भावाने हात झटकले. "बाबा, पेरणी कवा कराची, ते तुमी सांगा."

बाबांनी एक कोंब उचलून चष्म्याजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माय, शाळेत पोराइले काय शिकवतं तू?"

बारा दिवसांत पहिल्यांदाच ते हसत होते. मीही हसले आणि हसता हसता रडले.