वैशालीची ओळ

आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. बावीस वर्षं प्रभादेवीच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. विचित्र आवाज आला की आधी वायर तपासतो. तेव्हा कमेंटमध्ये अक्कल शिकवायला येऊ नका.

मागच्या वर्षी एका सिनेमासाठी रॉक बॅलड होतं, एक बँड आणि एक नामांकित गायिका मिळून. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतात, त्याला स्क्रॅच म्हणतात. काम झालं की पुसायचा, रीतच आहे. हा स्क्रॅच गायली लालबागची वैशाली. शाळेत शिक्षिका, सुट्टीत ऑर्केस्ट्रात गाते. शेवटची चढी ओळ तिने अशी लावली की ड्रमर काठ्या खाली ठेवून ऐकत बसला.

"दादा, एवढी ओळ तरी राहील का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, बघतो. कसलं डोंबल बघतो... संगीतकाराने माझ्यासमोर तिचा ट्रॅक उडवला.

मंगळवारी दुपारी मोठ्या बाई आल्या. काचेपलीकडे त्या गात होत्या, माझ्या हेडफोनवर त्यांचाच आवाज. मग रेकॉर्ड झालेलं परत लावून ऐकलं — शेवटची ओळ वैशालीच्या आवाजात.

"जुनी फाइल ठेवलीस ना रे? तुझी कोण लागते ती?" संगीतकार माझ्यावरच उखडला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि चोराच्या उलट्या बोंबा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुसलीस तू, आता रेकॉर्डही तूच कर. त्याने स्वतःचा लॅपटॉप जोडला, माइक बदलला. बाई पुन्हा गायल्या, तरी तेच.

बाहेर येऊन वैशालीला फोन लावला. "दादा, शाळेत आहे," आवाज पार घोगरा, "दुपारपासून घसाच बसलाय."

ओळ भारी होती म्हणून त्यांनी तशीच ठेवली. नाव मोठ्या बाईंचं. मी वैशालीच्या नावासाठी भांडलो, तर म्हणे, "ती त्या दिवशी गायली कुठे?" वा रे न्याय.

आठवड्यात तिचा घसा मोकळा झाला. बाकी सगळं गाते, पण ती ओळ आली की तोंडातून नुसती हवा. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

यंदा गणपतीत तिच्याच गल्लीतल्या मंडळाने तिला ते गाणं म्हणायला लावलं. मीही गेलो होतो, स्टेजवर चढताना तिने पर्स माझ्याकडे दिली. ओळीपाशी ती थांबली. लोक हसले. कुणीतरी मोबाइलवर ओरिजिनल लावून माइकला धरलं... तिचाच आवाज अख्ख्या गल्लीत घुमत होता आणि ती शेजारी तोंड मिटून उभी.

खाली आल्यावर म्हणाली, "दादा, ती माझी आहे, सांगा ना त्यांना."

मलाच आजवर काही कळलेलं नाही. मी तिची पर्स धरून उभा राहिलो.