उलट्या टोकापासून लिहिलेली ओळ

तीन मार्चला बॅनरवाल्याने ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या कमिटीपुढे चार हजार दोनशे पन्नास रुपयांचा आकडा ठेवला. वेदीमागच्या नव्या भिंतीवर शास्त्रातली एक ओळ हवी होती. ती तो मशीनवर कापून आणणार आणि तासाभरात चिकटवून देणार होता. आकडा वाजवी होता, सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून पेंटरकाका उठले.

‘‘ती भिंत माझी आहे,’’ ते म्हणाले.

सगळ्यांची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. जुन्या भिंतीवरची ओळ काकांनीच रंगवली होती. ती भिंत पाडायचे ठरले त्या दिवशी त्यांनी प्रभूला शब्द दिला होता, की नवी उभी राहिली की पुन्हा मीच लिहीन. पण नवी उभी राहण्याआधी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. पाळकसाहेबांनी परोपरीने समजावले, की आजारी माणसाला प्रभू असल्या शब्दात अडकवत नाही.

‘‘तो नसेल अडकवत, साहेब,’’ काका म्हणाले. ‘‘पण मी दिलाय ना.’’

शेवटी तोडगा निघाला. उद्घाटन एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होते. आदल्या दिवशी, शनिवारी चार वाजेपर्यंत ओळ पुरी झाली तर उत्तम. नाहीतर बॅनरवाला येऊन आपले काम करील.

काकांनी घरी सराव सुरू केला. आधी न्हाणीघराचे दार भरले, मग कपाटाची मागची बाजू, मग स्वयंपाकघराची भिंत. डाव्या हाताची अक्षरे कधी एकमेकांच्या अंगावर रेलत, कधी फटकून उभी राहत. ‘‘अहो, देवाने एक हात ठेवला तो माझी भिंत विद्रूप करायला का?’’ असे काकू रोज म्हणत, आणि रोज न चुकता काकांच्या उजव्या मनगटाला पट्टीने काठी बांधून देत. काठीच्या टोकाला कापडाचा बोळा असतो. तो भिंतीला टेकवायचा आणि काठीवर ब्रशचा हात तोलायचा, ही पेंटरांची जुनी रीत. मनगटात जोर नसला तरी खांदा काठी रेटू शकत होता.

आजारपणाच्या पहिल्या महिन्यांत काका प्रार्थनेत उजवा हात परत मागत. आता ते मागणे त्यांनी सोडले होते. ‘‘प्रभू, याला अक्कल दे,’’ असे म्हणून ते डावा हात पुढे करत, आमेन म्हणत आणि ब्रश उचलत.

सरावात एक गोष्ट ध्यानात आली. काठी आता उजवीकडून येत असल्यामुळे तिचा बोळा डावीकडे, नुकत्याच रंगवलेल्या ओल्या अक्षरांवरच टेके. काकांनी उपाय काढला. ओळीचे शेवटचे अक्षर आधी काढायचे आणि उलटे सरकत पहिल्यापर्यंत यायचे.

उद्घाटनाच्या आठवड्यात मंगळवारी ते मेहुण्याने बांबू-फळ्यांनी बांधून दिलेल्या पहाडावर चढले. मेहुणा प्लंबर, तोंडाने फटकळ, पण पहाड एकदम पक्का बांधलेला. भिंत खडूने आखून घ्या, असे त्याने दोनदा सुचवले. काकांनी ते कानाआड केले. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी आखून लिहिले नव्हते. त्यांची नजर हीच त्यांची फूटपट्टी. पण ती नजर सरळ जायला शिकलेली होती. सुरुवातीला मोकळे लिहायचे, शेवटी आटोपते घ्यायचे, ही तिची सवय उलट्या वाटेनेही सुटली नाही. गुरुवारी दुपारी ते पहिल्या शब्दाशी पोचले, तेव्हा जेमतेम वीतभर जागा उरली होती. आणि पहिला शब्द प्रभूचे नाव होता.

मेहुण्याने खालून पाहिले. ‘‘दाजी, सगळ्यांना ऐसपैस बसवलंत आणि घरधन्याला दारात उभं केलंत.’’

बारीक अक्षरांत नाव मावले असते. पाळकसाहेब म्हणाले, चालेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. काकूंनीही तेच सांगितले आणि शनिवारची आठवण करून दिली. काका पहाडावर पाय सोडून थोडा वेळ बसले. मग त्यांनी टर्पेंटाइनचा फडका मागवला आणि तीन दिवसांची मेहनत संध्याकाळपर्यंत पुसून काढली. रंगाचा डबाही तळाला गेला होता. तो रंगवाल्याकडून उधारीवर आणला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दोरीला खडू लावला. एक टोक काकूंनी धरले, दुसरे मेहुण्याने. प्रत्येक अक्षराचे घर आधी आखले, त्यात प्रभूच्या नावाचे सगळ्यांत आधी. मग काका शेवटच्या अक्षरापासून निघाले. त्या दिवशी जेवण त्यांनी पहाडावरच घेतले. खांदा भरून आला की ते थांबत, डोळे मिटत, आणि काकूंनी काठी पुन्हा आवळली की सुरू करत.

शनिवारी बॅनरवाला चारच्या आधीच मापाची टेप घेऊन आला. काका पहिल्या शब्दावर होते. तो बाकावर बसला. चारला थोडा वेळ असताना काकांनी पहिले अक्षर पुरे केले आणि ब्रश मेहुण्याकडे दिला. अक्षरे किंचित डावीकडे झुकलेली होती, पण सगळी सारख्या अंतरावर होती. बॅनरवाला भिंतीजवळ गेला आणि त्याने बोट पुढे केले.

‘‘ओलं आहे,’’ काका वरून म्हणाले.

बॅनरवाल्याने बोट मागे घेतले, टेप खिशात टाकली आणि काका खाली उतरल्यावर पहाड सोडायला तो मेहुण्याच्या मदतीला लागला.

पाळकसाहेबांनी मजुरी विचारली. काकांनी घेतली नाही. दिलेल्या शब्दाची कसली मजुरी, म्हणाले. रविवारी मंडळी त्या ओळीसमोर उभी राहून गायली.

दुसऱ्या डब्याचे एकशे ऐंशी रुपये रंगवाल्याला अजून द्यायचे आहेत.